आत ढेकूण, बाहेर बिबट्या

घोडबंदरला मुक्काम कोणी करत नाही, तो पडतो. अरबस्तानातून गलबतांनी आलेले घोडे इथे खाडीकाठी उतरले आणि नव्या धन्याबरोबर चालते झाले. पोर्तुगीजांनी टेकाडावर किल्ला बांधला. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, पण मराठ्यांचे डोळे लागले होते पलीकडच्या वसईकडे. मग साहेब आला, तोही राहिला नाही. आजही फाउंटनच्या नाक्यावर गुजरातकडे निघालेला ट्रेलर, ठाण्याची बस, विरारचा टेम्पो आणि काशीमीऱ्याची रिक्षा तासन्‌तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी असतात. त्यांतल्या एकालाही इथे राहायचं नसतं. राहावं लागतं, एवढंच.

आम्हाला राहावं लागलं ते लग्नामुळे. माझ्या मामेबहिणीची मुलगी मीरा रोडची, मुलगा वसईचा. दोन्ही पक्षांना सारखाच गैरसोयीचा म्हणून घोडबंदरचा लॉन ठरला. आदल्या संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. “नाशिकची मंडळी लांबून येणार, त्यांची हॉटेलात सोय केलीय. एसी रूम आहेत हां,” असं मुलीच्या वडिलांनी फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. जावयाचा पगार सांगतानाही त्यांचा आवाज इतका भरून आला नव्हता.

भाड्याच्या गाडीत मी, आमची ही, माझी थोरली ताई आणि ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. ताई शाळेत संस्कृत शिकवायची. दाजी जिल्हा परिषदेच्या हिवताप विभागात होते. ते निवृत्त झाले, त्यांच्यातला हिवताप विभाग झाला नाही. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे बघून येतात. पुतणीचं एक चांगलं जमत आलेलं स्थळ त्यांनी परसातल्या टायरमधलं पाणी पाहून मोडलं होतं. मुलाला सरकारी नोकरी होती. पण टायरमध्ये अळ्या होत्या.

कसारा घाट आम्ही गप्पा मारत उतरलो. माजिवड्याला घोडबंदर रोडला लागलो आणि घड्याळाचा उपयोग संपला. पुढे उरलेला रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी नावं एकेक करून येत होती आणि एकदा आली की जायला तयार नव्हती. वर मेट्रोचे खांब, खाली आम्ही. गायमुखच्या घाटात तर गाडी इतकी निवांत उभी राहिली की डावीकडचं संजय गांधी उद्यानाचं जंगल आणि उजवीकडची खाडी पाठ झाली. बिबट्याच्या वावराचा विषय निघाला. ताईने लगेच काच वर घेतली.

“बिबट्याचं काय एवढं?” दाजी म्हणाले. “तो माणसाला टाळतो. हॉटेलात जो असतो, तो नाही टाळत.”

“कोण असतो हॉटेलात?” हिने विचारलं.

दाजींनी ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “ढेकूण.”

आवाज खाली आणला, यात सगळं आलं. घरात साप निघाला तर मराठी माणूस तो किती लांब होता हे आयुष्यभर हात पसरून सांगतो. ऑपरेशन झालं तर पोटात सापडलेला खडा बाटलीत घालून दिवाणखान्यात ठेवतो. पण घरात ढेकूण निघाला तर घरातली कर्ती बाई आधी खिडकी लावून घेते. ढेकणाने आजवर कुणाला रोग दिल्याचं सिद्ध झालेलं नाही. डासाने दिले, पिसवेने दिले, उवेने दिले. त्या तिघांची नावं आपण चारचौघांत घेतो आणि ज्याने कुणाचं आजारपण केलं नाही, त्याचंच नाव घ्यायला लाजतो. त्याचा घरातल्या स्वच्छतेशी फारसा संबंध नाही हेही लोकांना पटत नाही. त्याला रक्त लागतं आणि लपायला फट लागते. या दोन गोष्टी राजवाड्यातही असतात.

गाडी हलत नव्हती, त्यामुळे दाजी हलले. मोठा ढेकूण जेमतेम मसुराएवढा. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. आपला श्वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो चालत येतो, पाच-दहा मिनिटांत जेवण उरकतो आणि परत फटीत जातो. अंड्यातून निघाल्यापासून मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला एक जेवण लागतं. नाहीच मिळालं, तर महिनोन्‌महिने उपाशी वाट पाहतो. इजिप्तमध्ये तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या वस्तीत त्याचे अवशेष सापडलेत. “म्हणजे पिरॅमिडचे देश बुडाले,” दाजी म्हणाले, “हा नाही बुडाला.”

“आणि तुमचं ते डीडीटी?” मी विचारलं.

दाजी दुखावले. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला म्हणून पॉल म्युलरला १९४८ साली नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांवर, पर्ल हार्बरच्या बराकींतल्या ढेकणांनी डीडीटीला भीक घालायचं सोडलं होतं. “आम्ही फवारणीचा पंप घेऊन गावात शिरलो की बाया दारं लावून घ्यायच्या,” दाजी म्हणाले. “म्हणायच्या, तुमच्या औषधाने डास मरत असतील, आमचे ढेकूण वाढले. आम्ही त्यांना अडाणी म्हणायचो. पुढे पुस्तकात वाचलं, त्यांचंच खरं होतं.”

हॉटेल ‘हायवे टच’ होतं. म्हणजे खोलीतल्या खिडकीला हायवे टच होत होता. रिसेप्शनच्या भिंतीवर लंडन, न्यूयॉर्क आणि दुबईची घड्याळं होती. तिन्ही शहरांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आधार कार्डांच्या झेरॉक्स झाल्या आणि आम्हाला दुसऱ्या मजल्यावर दोन शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. आमच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र चादरीवर दोन टॉवेलांचे राजहंस चोचीला चोच लावून बसले होते आणि पायथ्याशी लाल मखमलीचा पट्टा होता. हिला ते फार आवडलं. ती बॅग पलंगावर ठेवणार इतक्यात दारातून आवाज आला, “खबरदार!”

दाजी कपाळाला टॉर्च बांधून उभे होते. नाशिकहून आणला होता.

“बॅगा गादीवर नाही, गालिच्यावर नाही, त्या कपाटात तर मुळीच नाही. बाथरूममध्ये ठेवा. तिथे उजेड असतो, टाइल असतात, फटी कमी असतात. पलंगापासून लांब.” त्याप्रमाणे चार बॅगा, अहेराची पेटी आणि चिवड्याचा डबा बाथरूममध्ये गेला. त्यानंतर ज्याला आत जायचं असेल तो आधी सामान बाहेर काढायचा, आणि दाजी ते पुन्हा आत ठेवायला लावायचे. शेवटी कुणी पाणीच प्यायचं नाही असं ठरलं.

मग तपासणी सुरू झाली. एका राजहंसाची मान पिरगाळून दाजींनी त्याचा टॉवेल केला आणि त्यावर गुडघे टेकले. “मेव्हणे, गादी उचला. कोपरा. कोपरा म्हटलं मी, मधोमध नाही.” गादीच्या कडेची गोट, शिवण, कंपनीचं लेबल, उशाकडच्या फळीचे स्क्रू, भिंतीवरच्या सूर्यास्ताच्या चित्राची मागची बाजू. ढेकूण दिसत नसतो, त्याचा माग दिसतो: शाईचे पडावेत तसे काळे ठिपके, ओलं बोट लावलं की फिसकटणारे; टाकलेली कात; आणि फटीला चिकटवलेली पांढुरकी अंडी, मिलिमीटरभराची. गादीच्या गोटेत दाजींनी एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड घालून ते कडेकडेने ओढत नेलं. “दुसरा काही उपयोग होत नाही याचा,” ते म्हणाले. “नाशिक-सिन्नरला मी स्कूटरने जातो.”

कार्डावर बिस्किटाचा चुरा आला, एक टिकली आली, एका जुन्या बिलाचा तुकडा आला. ढेकूण आला नाही. दाजींनी फळीच्या फटीला नाक लावलं.

“वास येतोय का कुणाला? कोथिंबिरीचा?”

येत होता. ढेकूण घाबरला की जी रसायनं सोडतो, त्यांची कोथिंबिरीच्या पानातल्या रसायनांशी जवळची सोयरीक आहे. आम्ही सगळे भिंतीला टेकलो. मग ताईने खिडकी उघडली. खाली मांडवात हळदीच्या जेवणाची तयारी चालली होती आणि आचारी कोथिंबिरीच्या जुड्या चिरत होते.

तपासणीत काही निघालं नाही, यावर दाजी अजिबात खूश नव्हते. “न सापडणं म्हणजे नसणं नव्हे,” असं म्हणून ते आपल्या खोलीकडे गेले. ताई मात्र आमच्याकडेच बसून हसत होती. एका जुन्या संस्कृत सुभाषितकाराला हा प्रश्न पडला होता म्हणे, की लक्ष्मी कमळात का झोपते, शंकर थेट हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात का झोपतो. त्याला एकच कारण दिसलं, ढेकणांची धास्ती. तीन देव, तिघांना राहायला जागेची कमतरता नाही आणि तिघांनीही गादी टाळलेली. शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून दाजी ओरडले, “विष्णूचं बरोबर आहे! आमच्या आजोळी खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे. तेच तत्त्व!” त्यावरून भिंत किती जाडीची आहे तेही कळलं.

मला मात्र सुरत आठवत होती. खिडकीतला तो हायवे सरळ सुरतेलाच जातो. १६८९ साली तिथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलंय, की सुरतेत जनावरांच्या दवाखान्याजवळ ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी जागा होती, आणि त्यांचं पोट भरावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर निजवत. चाव्यांनी हैराण होऊन तो पहाटेआधी पळू नये म्हणून त्याला खाटेला बांधूनही ठेवत. पाद्र्याने ऐकीव किती लिहिलं आणि पाहिलेलं किती, हे तो जाणे. पण व्यवहार म्हणून मला तो चोख वाटला. निजणाऱ्याला पैसे मिळत. आता त्याच रस्त्यावर निजणारा पैसे देतो, वर जीएसटी देतो आणि सकाळचा नाश्ता ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हटल्यावर त्याला आनंद होतो. सकाळचा नाश्ता कुणाचा, ते मात्र कार्डावर लिहिलेलं नसतं.

हळदीला सगळ्यांनी पिवळं नेसायचं फर्मान होतं. मांडव पिवळा, माणसं पिवळी, मठ्ठाही पिवळट. डीजेवाल्याने असा काही ठेका धरला की जंगलातला बिबट्या त्या रात्री येऊरच्या बाजूला निघून गेला असावा. दाजी जेवणाच्या रांगेत आचाऱ्याशी हुज्जत घालत होते. त्यांना घेवड्याची पानं हवी होती. बाल्कन देशांत पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरत आणि सकाळी ती ढेकणांसकट जाळत. पानांवरचे सूक्ष्म आकडे ढेकणाच्या पायांत रुततात आणि तो जागच्या जागी अडकतो. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहून खात्री करून घेतली. आचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “साहेब, घेवडा नाही. पनीर आहे.”

झोपायला वर आलो तर दाजींनी नवीन शोध आणलेला. २०१६ साली अमेरिकेत ढेकणांपुढे वेगवेगळ्या रंगांचे आसरे ठेवून पाहिले. ढेकणांनी लाल आणि काळे पसंत केले, पिवळे आणि हिरवे टाळले. आम्ही सगळ्यांनी एकदम पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं. लाल मखमली पट्टा. दाजींनी तो दोन बोटांत धरून कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवला.

“आता कपडे बदलायचे नाहीत,” त्यांनी सांगितलं. “जो जसा पिवळा आहे, तसाच झोपेल.”

“मी या साडीत झोपणार नाही,” ही म्हणाली.

“प्रयोग आसऱ्यांचा होता, माणसांचा नव्हे,” मी म्हणालो.

“माणूस म्हणजे आसराच,” दाजी म्हणाले, आणि जाताना मळलेले मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधायला लावले. ढेकूण मळक्या कपड्यांकडे जास्त ओढला जातो, हे २०१७ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं. माझ्या मोज्यांकडे कुणीतरी ओढलं जाऊ शकतं, हे हिला पहिल्यांदाच कळत होतं.

दिवा मालवला. घोडे विकून निश्चिंत निजलेले व्यापारी या गावाने पाहिले असतील. आम्ही डोळे टक्क उघडे ठेवून पडलो होतो. ढेकणाची शंका ढेकणापेक्षा वाईट. तो एका वेळी एकाच जागी असतो, ती सर्वांगाला असते. पोटरीवर काही चाललं, तो चादरीचा दोरा निघाला. मानेला काही टोचलं, ती हळदीची वाळलेली खपली. हायवेवरून ट्रेलर गेला की पलंग थरथरायचा आणि दोघंही ताडकन उठून बसायचो. “लागला का डोळा?” “नाही. तुमचा?” असा आमचा संसारातला सर्वांत लांब संवाद झाला.

रात्री कधीतरी दार वाजलं. दाजी. कपाळावर टॉर्च, अंगात पिवळा कुडता, हातात अक्षतांची कागदी पुडी. अक्षता त्यांनी खिशात ओतल्या होत्या आणि पुडीत ऐवज होता.

“सापडला. उशाच्या फळीमागे. जिवंत आहे. चला.”

“कुठे?”

“खाली. नोंद झाली पाहिजे.”

रिसेप्शनवर विशीतला एक मुलगा डोकं काउंटरवर ठेवून झोपला होता. दाजींनी पुडी उघडून त्याच्या पुढ्यात धरली. पुढचं संभाषण राष्ट्रभाषेत झालं.

“सर, ये मच्छर है।”

“मच्छर को पंख होता है। इसका पंख किधर है?”

मुलाने वाकून पाहिलं. “टूट गया होगा, सर।”

दाजींनी त्याला सहा पाय, मिशा आणि चपटं पोट दाखवायला सुरुवात केली. मुलाने फोन करून मॅनेजरला उठवलं. मॅनेजर बनियनवर आले, अनुभवी माणूस. त्यांनी पुडीत एकदाच पाहिलं आणि म्हणाले, “सर, ये आपके साथ आया होगा।”

दाजी गप्प झाले. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते माझ्याकडे वळून मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, “मेव्हणे, हे शास्त्रीयदृष्ट्या नाकारता येत नाही.”

तेही खरंच. ढेकूण फिरतो तो बॅगेतून, माणसाच्या खर्चाने. इथे कोण कुणाला घेऊन आलं याचा निवाडा वरचं कोर्टही करू शकणार नाही. मॅनेजर उदार होते. त्यांनी शेजारची खोली देऊ केली. दाजी म्हणाले, शेजारची नको, वरची नको, खालचीही नको. हा भिंतीतल्या फटींतून, वायरींच्या कडेने जातो. मॅनेजर म्हणाले, मग उरला फक्त स्वीट, त्यात नवरदेवाचे काका आहेत. तेवढ्यात मुलगा मोगऱ्याचा रूम फ्रेशनर आणि डासांचा स्प्रे घेऊन जिन्याकडे निघाला. दाजी धावत गेले आणि त्याचा हात धरला. असं भलतंसलतं फवारलं की ढेकूण मरत नाहीत, पांगतात. एका खोलीचं दुखणं चार खोल्यांत जातं.

पॅरिसला २०२३ च्या शरदात हाच गोंधळ झाला होता. मेट्रोत, थिएटरात, हॉटेलांत ढेकूण असल्याची आवई उठली, मंत्र्यांनी बैठका घेतल्या, आणि मातिल्द पानो या खासदारबाई ढेकणांची कुपी घेऊन भर संसदेत उभ्या राहिल्या. तिथे कुपी दाखवली तर देशाचे पंतप्रधान समोर बसलेले असतात. आमच्या पुडीपुढे बनियनवरचे मॅनेजर होते. तरी कुणीतरी ती बघितली हे महत्त्वाचं. ढेकूण हा विषय फ्रेंच माणूस मोठ्याने बोलतो, एवढ्या एका बाबतीत मला ते राष्ट्र पुढारलेलं वाटतं.

कारण लॉबीकडे वळलो तेव्हा दिसलं, की आम्ही एकटे नव्हतो. सोफ्यावर मुलीची आत्या शाल पांघरून बसली होती. “एसी फार होता हो वर, सांधे धरतात.” पलीकडच्या खुर्चीत जळगावचे काका. “आमच्या हिचं घोरणं.” धुळ्याचं एक जोडपं मुलाला मांडीवर घेऊन काचेजवळ बसलं होतं. “याला ट्रक बघायला आवडतात.” मूल गाढ झोपलेलं होतं. काकांचा हात त्यांच्या नकळत दंडावर जात होता, आत्या पायाने पाय घासत होती, आणि सगळ्यांची नजर दाजींच्या हातातल्या पुडीवर होती. एकानेही विचारलं नाही, पुडीत काय आहे. मुलीच्या बापाने एवढ्या हौसेने एसी खोल्या घेतल्यात. लग्नघरी तो शब्द कोण काढणार? दाजींनीही पुडी मुकाट्याने खिशात घातली आणि जागा शोधून बसले.

मग ताईही खाली आली. तिने तिथे सगळ्यांना पंचतंत्रातली गोष्ट सांगितली. कुणी मागितली नव्हती. पण शिक्षिका होती. राजाच्या पलंगावर एक ऊ सुखाने राहत होती. राजा गाढ झोपला की हळूच जेवायची. तिच्याकडे एक ढेकूण पाहुणा आला. “थांब, राजाला झोप लागू दे,” असं तिने त्याला बजावलं होतं. त्याला दम निघाला नाही. राजा जागा असतानाच तो कडकडून चावला. राजा ओरडला, सेवक धावले, ढेकूण फटीत पसार झाला आणि चादरीत सापडली ती बिचारी ऊ. तिलाच मारली. सकाळी मॅनेजर त्या विशीतल्या मुलाला झापत होते, तेव्हा मला ऊ कोण हे कळलं.

फटफटलं तसे आम्ही किल्ल्यावर गेलो. हॉटेलात परत जायचं नव्हतं, हे खरं कारण. किल्ला लहानसा आहे, पाहायला फार वेळ लागत नाही. वरून खाडीचं पात्र झकास दिसतं. समोरच्या तीरापलीकडे वसई. तिथला वारा, उघडा दगड, ना गोट ना शिवण. ताई तटावर आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. शेजारी ही झोपली. पोर्तुगीजांनी एवढा खर्च करून बांधलेल्या त्या वास्तूचा यापेक्षा चांगला उपयोग कुणी केला असेल असं वाटत नाही. दाजी मात्र बुरुजातल्या पाण्याच्या डबक्यात अळ्या शोधत होते. सापडल्या. त्यांना बरं वाटलं.

लग्न छान झालं. मुलीचे वडील प्रत्येक टेबलापाशी येऊन हात जोडून विचारत होते, “झोप झाली ना व्यवस्थित? काही कमी-जास्त?” आणि प्रत्येक टेबलावरून एका सुरात उत्तर येत होतं, “छे छे, मस्त! एसी काय गार होता!” आत्याने तर गाद्यांची तारीफ केली. माझ्या मनगटावर एका ओळीत तीन लाल गांध्या उठल्या होत्या. हिच्या अंगावर काहीच नाही. दाजींचं म्हणणं, त्यावरून काही ठरत नाही; कुणाच्या अंगावर लगेच उठतं, कुणाच्या काही दिवसांनी, कुणाच्या कधीच नाही. हिचं म्हणणं, माझं रक्तच तसलं. स्टेजवर फोटो काढताना फोटोग्राफर ओरडला, “काका, हात खाली घ्या, खाजवू नका!” तेव्हा मांडवातल्या कितीतरी हातांची एकदम खाली जाण्याची घाई झाली.

निघताना दाजींनी आचाऱ्याकडून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या मागून आणल्या. प्रत्येक बॅग एकेका पिशवीत घालून तोंड बांधलं. घरी गेल्यावर बॅगा गॅलरीत उघडायच्या, कपडे थेट कढत पाण्यात, पाण्यात न चालणाऱ्या साड्यांना शिवणींवरून सावकाश गरम इस्त्री. ढेकूण औषधाला दाद देत नाही, पण पन्नास अंशांपुढच्या उष्णतेला देतो. आजी गाद्या वैशाखात गच्चीवर टाकायची, ती उगाच नव्हे. पण नुसत्या उन्हावर विसंबायचं नाही, गादीच्या पोटात ऊन पोचत नाही. अशा सूचना देत देत आम्ही गायमुखला आलो आणि गाडी थांबली. पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे ट्रेलर.

“दाखवा बरं एकदा,” ताई म्हणाली. “रात्री नीट पाहिला नाही.”

दाजींनी खिशातून पुडी काढली आणि मांडीवर उलगडली. तीत एक अक्षत होती.

त्यांनी खिसा उलटा केला. अक्षता सीटवर सांडल्या. दुसरा खिसा उलटा केला. आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. दाजींनी कपाळाला टॉर्च बांधला आणि सीटच्या शिवणीत एसटीचं कार्ड घातलं. बाजूचा ट्रेलरवाला वरून वाकून पाहत होता. ड्रायव्हर बराच वेळ आरशातून आमच्याकडे बघत होता.

“काका,” शेवटी तो म्हणाला, “मिळाला नाही तर राहू द्या. उद्या पहाटे याच गाडीने शिर्डीचं भाडं आहे. आपल्यात कुणी काही बोललं नाही म्हणजे झालं.”

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. दाजींनी सीटखालून डोकं बाहेर न काढताच फोन घेतला. “हो, हो, पोचतोच आहोत,” ते म्हणाले. “नाही हो, कसली गैरसोय? अगदी घरच्यासारखं वाटलं.”